आप्पांच्या यादीतली माणसं

बेळगावात वडगावला ज्या घरी मी चार वर्षं भाड्यानं राहिलो, त्या घराच्या दारावर एक पाटी होती : ‘येथे माहिती मिळेल. विचारू नये, विकत घ्यावी.’ पाटी घरमालकांनी, म्हणजे आप्पांनी, स्वतः रंगवली होती आणि ‘विकत’ या शब्दाला तांबडा रंग दिला होता. गल्लीत नवा आलेला माणूस नेमका त्याच दारात थांबून पत्ता विचारायचा. आप्पा चष्म्याच्या वरून त्याच्याकडं बघायचे आणि म्हणायचे, “गल्लीतल्या घरांची यादी हाय माझ्याकडं. मोबाइलवर पाठवू काय?” तो बिचारा पलीकडच्या दारात जाऊन फुकट विचारायचा. एक पत्ता सांगितला असता तर काय जीभ झिजली असती, असं त्यांच्या बायको, काकू, आतून म्हणायच्या. त्यावर आप्पांचं उत्तर ठरलेलं होतं : “फुकट सांगितलेलं माणूस ऐकतंय, पर मानत न्हाय.”

त्यांना अख्खी गल्ली आप्पाच म्हणायची. मीही चार वर्षांत दुसऱ्या नावानं हाक मारली नाही. ते मला ‘निपाणीकर’ म्हणायचे, कारण मी निपाणीहून उद्यमबागेतल्या एका कारखान्यात माल पाठवायच्या विभागात नोकरीला आलो होतो. आप्पांनीही उद्यमबागेतच, दुसऱ्या एका कारखान्यात, उमेदीची सगळी वर्षं स्टोअरकीपर म्हणून घालवली होती. कुठल्या मापाचा बोल्ट कुठल्या कप्प्यात आहे, ते डोळे मिटून सांगायचे म्हणे. ते निवृत्त झाले त्या दिवशी त्यांच्या डोक्यातलं सगळं स्टोअर अर्ध्या दिवसात एका कॉम्प्युटरात भरून झालं आणि उरलेला अर्धा दिवस त्यांना काही काम उरलं नाही. हे त्यांना फार लागलं असावं. घरी आल्यावर त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. डब्यांना नंबर पडले, आणि दोन महिने काकूंना चिमूटभर मोहरी हवी असली तरी चिठ्ठी लिहून द्यावी लागत होती.

त्यातून काकूंची सुटका एका व्हिडिओनं केली. गाडीत बसलेला, गॉगल लावलेला एक तरुण त्यात सांगत होता, की तुम्हाला जे माहीत आहे आणि दुसऱ्याला माहीत नाही ते गोळा करा, नीट मांडा, त्याची पीडीएफ करा आणि विका. मग तुम्ही झोपलात तरी पैसे येत राहतील. आप्पांनी तो व्हिडिओ मला सहा वेळा दाखवला. पीडीएफ कशी करायची आणि क्यूआर कोड कसा काढायचा, हे मीच त्यांना शिकवलं. त्यानंतर ते दुपारी मोबाइल छातीवर ठेवून झोपू लागले. उठले की आधी मोबाइल बघायचे आणि काही आलेलं नसलं की झोप नीट लागली नाही म्हणायचे.

त्यांची पहिली यादी मंगल कार्यालयांची होती. बेळगावपासून निपाणीपर्यंतच्या रस्त्यावर कुठल्या कार्यालयात नवरदेवाच्या डोक्यावरचा पंखा फिरतो, कुठं दुसऱ्या पंगतीला पाणी संपतं, कुठला व्यवस्थापक उरलेला बुंदीचा लाडू मोजून घेतो, असं सगळं तिच्यात होतं. ही माहिती मिळवायला ते ओळख नसलेल्या लग्नांना जाऊन जेवून यायचे. काकूंच्या मते उत्पन्न एवढंच, ते जेवण. दुसरी यादी मात्र खपली. तिचं नाव ‘एक आडनाव, तीन लिप्या’. आमच्या या सीमेवरच्या मुलखात माणसाचा शाळेचा दाखला मराठीत, शेताचा उतारा कन्नडात आणि बाकीची कार्डं इंग्रजीत असतात. ज्यानं लिहिलं त्यानं आपल्या कानाला ऐकू आलं तसं लिहिलं. आप्पा स्वतः पेन्शनीच्या कागदांत दोन माणसं होते, आणि आम्ही दोघे एकच आहोत असं प्रतिज्ञापत्र त्या दोघांच्या वतीनं आप्पांना करून द्यावं लागलं होतं. त्या रागातून त्यांनी दीडशे आडनावांची रूपं गोळा केली. खानापूरपासून चिकोडीपर्यंतचे लोक ती विकत घेऊ लागले.

तेव्हापासून त्यांना माहितीशिवाय दुसरं काही दिसेना. एका मयताला गेले तर लाकडं कुठल्या वखारीतली, ओली निघाली काय, हे मेलेल्याच्या भावाला विचारू लागले. काकूंनी तिथंच त्यांच्या हातातली डायरी काढून पदराखाली धरली.

पण त्यांचं खरं काम म्हणजे तिसरी यादी. वडगाव-शहापूरच्या बाजूला घरोघरी साड्यांचे माग. यंत्रमाग जुने, ते बनवणाऱ्या कंपन्या केव्हाच बंद पडलेल्या. एखादा भाग मोडला की माग महिना-महिना उभा राहतो, कारण तो भाग कोण बनवून देईल हे कुणालाच ठाऊक नसतं. आप्पा तीन महिने स्कूटरवरून फिरले. इचलकरंजीपर्यंत जाऊन आले. असे भाग अजून बनवणारे लेथवाले, लोहार, सुतार त्यांनी हुडकून काढले आणि प्रत्येकाच्या नावापुढं पत्त्याबरोबर स्वभावही लिहिला. ‘दर वाजवी. सकाळी गेलात तर चहा देतो, संध्याकाळी भांडतो.’ ‘काम उत्तम, पण जावयाची गोष्ट काढू नये.’ ज्यांच्याकडं माग नव्हता तेही ही यादी विकत घेऊन वाचायचे.

महिनाभर ती चांगली खपली आणि मग एकदम थांबली. कारण कळायला आप्पांना बसस्टँडवर जावं लागलं. तिथं शेजारी बसलेल्या एका परक्या माणसानं बोलता बोलता आप्पांचीच यादी मोबाइलवर उघडून दाखवली आणि म्हणाला, पाठवू का तुम्हाला, फुकट आहे. आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. आठवड्यानं त्यांनी सुधारलेली आवृत्ती काढली आणि आता चोर सापडल्याशिवाय राहणार नाही, बंदोबस्त केलाय, एवढंच आम्हाला सांगितलं. त्या आवृत्तीची एक प्रत मीही घेतली. भाडेकरू म्हणून फुकट मिळेल असं वाटलं होतं. आप्पांनी आधी क्यूआर कोड पुढं केला.

आमच्या समोरच्या घरात शांताक्का राहायच्या. नवरा गेल्यावर दोन माग त्यांनी एकटीनं चालवले. रविवारी माझी खानावळ बंद असायची. त्या दिवशी त्यांच्याकडून भाकरी-पिठलं यायचं, न मागता. त्या वर्षी श्रावणात त्यांच्या एका मागाचं बिडाचं दातेरी चाक मोडलं. व्यापाऱ्याच्या लग्नाच्या साड्या आठ दिवसांत द्यायच्या होत्या, नाहीतर तो काम दुसऱ्याला देणार होता, आणि एकदा गेलेला व्यापारी परत येत नाही. त्या मोडलेलं चाक मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसलेल्या मला कामावर जाताना दिसल्या. कारखान्यात पोचल्या पोचल्या मी आप्पांची यादी शांताक्कांच्या मोबाइलवर पाठवून दिली. त्यात आपण काही चोरी करतोय असं माझ्या मनातही आलं नाही.

यादीतल्या तिघांना शांताक्कांनी फोन केले. एक आजारी, एकाचा लेथ विकलेला, एकानं महिन्याची मुदत मागितली. चौथं नाव होतं महादेव सुतार, जांबोटी. ‘वय साठीचं. मोडलेलं चाक नुसतं हातात घेऊन दाते मोजतो. दुपारी झोपतो, पण अडलेला माणूस आला तर उठतो. फोन वापरत नाही.’ ते वाचून त्यांना धीर आला असणार. चाक जुन्या साडीत गुंडाळून, पिशवीत घालून दुसऱ्या दिवशी त्या जांबोटीच्या बसमध्ये बसल्या.

जांबोटी म्हणजे डोंगरातलं, रानातलं गाव. तिथला पाऊस आमच्या पावसासारखा थांबून-थांबून पडत नाही. बस मोजक्या. शांताक्कांनी स्टँडवर विचारलं, चहाच्या टपरीवर विचारलं, घरोघर विचारलं. महादेव सुतार कुणालाच माहीत नव्हता. शेवटी कुणीतरी सांगितलं, दोन मैलांवर वाडीत एक महादेव आहे. चिखलातनं ते चाक काखोटीला मारून त्या तिथं गेल्या. तो महादेव शेतकरी निघाला. त्यानं चाक हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, की नाव माझं महादेवच आहे, पण मला म्हशीतलं कळतं, चाकातलं नाही. परतीची बस गेली होती. त्याच्या बायकोनं त्यांना जेवू घातलं, ठेवून घेतलं आणि सकाळच्या गाडीत बसवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती म्हणून मी कट्ट्यावर पेपर वाचत होतो. आप्पा दाढी करत होते. शांताक्का गल्लीत आल्या, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि पाणी प्यायला आमच्याच दारात टेकल्या. कुठं गेला होता, असं काकूंनी विचारलं, तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. महादेव सुतार हे नाव आलं आणि आप्पांचा वस्तरा गालावर थांबला.

त्यांच्या अर्ध्या दाढीच्या तोंडावर मी जो आनंद बघितला, तो मला अजून आठवतो. ते आत गेले, एक वही घेऊन आले, पानं उलटली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि वर बघितलं ते थेट माझ्याकडं.

“आक्का,” त्यांनी विचारलं, “ही यादी तुमास्नी कुणी दिली?”

“ह्यानं की,” शांताक्का माझ्याकडं बोट करून म्हणाल्या. “देवासारखा धावून आला बघा.”

चोर सापडला होता. आप्पांनी वही मिटली आणि तोंडावरचा साबण पुसायचं विसरून आत जाऊन बसले. मी मागोमाग गेलो. त्यांनी वही माझ्यासमोर टाकली.

वहीत एका बाजूला साठ गिऱ्हाइकांची नावं होती आणि प्रत्येकासमोर एक माणूस. हाच तो बंदोबस्त. सुधारलेल्या आवृत्तीत आप्पांनी प्रत्येकाच्या प्रतीत एक वेगळा, अस्तित्वात नसलेला कारागीर घातला होता. फुकट फिरणाऱ्या यादीत जो खोटा माणूस दिसेल, त्यावरून कुणाची प्रत फुटली ते कळणार. या सगळ्यांची गावं मुद्दाम आडबाजूची निवडलेली, म्हणजे कुणी प्रत्यक्ष जाणार नाही, आणि फोन कुणाकडंच नाही. माझ्या नावासमोर महादेव सुतार होता. पण आप्पांना नुसतं नाव लिहून करमलं नव्हतं. साठही जणांना त्यांनी वय दिलं होतं, खोड्या दिल्या होत्या, कुणाला मुलगी, कुणाला दमा. खऱ्या कारागिरांपेक्षा हे साठ जास्त जिवंत वाटत होते. एकाच्या पुढं आप्पांच्या अक्षरात नोंद होती : ‘गिऱ्हाइकाची तक्रार आली. हा माणूस हल्ली दर वाढवून सांगतोय म्हणे.’ दुसऱ्या एकाचं काम फार सुबक असल्याचं एका गिऱ्हाइकानं कळवलं होतं.

एरवी मी पोट धरून हसलो असतो. बाहेर शांताक्का पायाचा चिखल धूत होत्या.

आप्पा मला काही बोलतील म्हणून मी वाट बघत होतो, आणि मीही त्यांना काही बोलावं असं मला वाटत होतं. माझा राग त्यांच्यावर आणि त्यांचा माझ्यावर, आणि दोघांच्याही रागाला नीट तोंड वर करता येईना. शेवटी काकू आल्या. त्यांना थोडक्यात कळलं होतं, बाकीचं त्यांनी ओळखलं. बाईमाणूस त्या पावसात रानातनं हिंडून आलंय, एवढंच त्या म्हणाल्या आणि आप्पांचा सदरा खुंटीवरून काढून त्यांच्या पुढ्यात टाकला.

आम्ही दोघे समोरच्या घरी गेलो. माग उभा होता, त्यावर अर्धी साडी तशीच. दुसरा माग चालू होता, म्हणून आप्पांना मोठ्यानं बोलावं लागलं, आणि मला वाटतं तेच त्यांना जास्त जड गेलं.

“आक्का, त्यो महादेव सुतार हाय न्हवं, त्यो न्हाय.”

शांताक्कांनी माग बंद केला. “मेला काय?”

“मेला न्हाय. नव्हताच. मी आपला लिवलाता.”

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्यांनी विचारलेला प्रश्न मला सुचला नव्हता, आप्पांनाही नव्हता.

“मग दाते मोजतंय, अडलेला आला तर उठतंय, ते कुणाचं बघून लिवलंसा?”

आप्पा खाली बघून म्हणाले, “आमच्या मेस्त्रीचं.”

“ते तरी हाय न्हवं?”

“हाय. हितं उद्यमबागंच्या मागं.”

“मग उठा,” शांताक्का म्हणाल्या आणि पिशवी उचलली.

मेस्त्री म्हणजे आप्पांच्याच कारखान्यातले पॅटर्नवाले. ओतकामासाठी आधी लाकडाचा नमुना कोरावा लागतो, तो कोरणारे. बेळगावात त्यांच्या तोडीचा माणूस नव्हता, हे आप्पा रिक्षात स्वतःच सांगत होते. मग त्यांचं नाव यादीत का नाही, असं मी विचारलं. आप्पांनी सांगितलं, “चांगला माणूस सगळ्यास्नी कळला की आपल्याला गावत न्हाय. म्हणून ठेवलाता.” पैसे घेऊन त्यांनी लोकांना सगळे कारागीर विकले होते, आणि सगळ्यात चांगला तेवढा स्वतःसाठी कुलपात ठेवला होता.

मेस्त्री पत्र्याच्या छपराखाली खुर्चीवर बसले होते. पटाशा भिंतीला ओळीनं टांगलेल्या, आणि त्यांच्यावर धूळ. त्यांनी चाक साडीतनं सोडवलं, मांडीवर घेतलं आणि अंगठ्यानं दाते मोजले. दोन मोडलेले दाते कसे असतील तेही मोजल्यासारखं केलं. परवा नमुना तयार होईल म्हणाले. आप्पांनी हुशारीनं विचारलं, हातात दुसरं काम असेल तर ते आधी उरकणार का.

मेस्त्री हसले. “कसलं काम, स्टोअरकीपर? गेल्या दिवाळीपास्नं हिकडं कोण फिरकलं न्हाय. आता समदं मशिनीवर निघतंय म्हणत्यात. मी हाय हे कुणाला ठावं न्हाय.”

आप्पांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. घरी येईपर्यंत, इतका वेळ माहिती न देता बसलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

परवा म्हणजे परवाच नमुना झाला. आप्पांनी जुन्या ओळखीनं एका फाउंड्रीत तो ओतून घेतला. त्यासाठी ते दिवसभर तिथल्या भट्टीजवळ उभे राहिले आणि भाजल्यासारखे लाल होऊन आले. चाक मागाला बसवताना मेस्त्री स्वतः आले. एक दाता जरा कानसून घ्यावा लागला. साड्या दोन दिवस उशिरा गेल्या. व्यापारी कुरकुरला, पण त्यानं पुढचं सूत पाठवलं.

त्या आठवड्यात आप्पांनी साठही गिऱ्हाइकांना नवी यादी पाठवली. तिच्यात पहिलं नाव मेस्त्रींचं होतं, पत्ता आणि फोनसकट. ती खोटी माणसं मात्र तशीच होती. मी भांडलो. आप्पा म्हणाले, आपण खोटी माणसं विकली हे कळवलं तर आडनावांची यादीसुद्धा कुणी खरी मानणार नाही. त्यांनी केलं ते एवढंच, की प्रत्येक खोट्या माणसापुढं लिहिलं : ‘स्थलांतर झाले आहे. आता फोन वापरतो. फोन केल्याशिवाय जाऊ नये.’ आणि साठही जणांपुढं एकच नंबर दिला. ते नवीन सिम आप्पांनी काकूंच्या जुन्या मोबाइलमध्ये घातलं होतं. माझी नवी प्रत मी पुन्हा शांताक्कांना दिली, तिथून ती मागवाल्यांत फिरली.

मेस्त्रींकडं काम येऊ लागलं. इतकं, की वर्षभरानं आप्पांच्या देव्हाऱ्याचा पाट त्यांच्याकडं दुरुस्तीला गेला तेव्हा त्याला तीन आठवडे लागले. आप्पांनी ते सगळ्या गल्लीला तक्रारीच्या सुरात आणि छाती काढून सांगितलं.

मी नंतर निपाणीला नोकरी मिळाल्यावर खोली सोडली. मागच्या महिन्यात बेळगावला कामासाठी गेलो, तेव्हा वडगावला जाऊन आलो. दारावरची पाटी अजून तशीच होती. आप्पा थकलेत. चहा पिईपर्यंत काकूंचा तो जुना मोबाइल तीनदा वाजला. पहिल्या वेळी आप्पा खानापूरकडचे कुणी लोहार झाले, दुसऱ्या वेळी हुक्केरीचे लेथवाले. मोडलं काय, कुठं मोडलं, सगळं नीट विचारून घ्यायचे, वहीत लिहायचे, आणि मग डोकं खाजवत खऱ्या कारागिराला फोन लावायचे. या कामाचे त्यांना काहीच मिळत नाही. दुपारची झोपही गेली, असं काकू सांगत होत्या. त्या गॉगलवाल्या तरुणाला हे कळलं तर तो चक्कर येऊन पडेल.

मी म्हणालो, “आप्पा, आता तरी खरं सांगून टाका की लोकांना. किती दिवस हे चालवणार?”

आप्पा माझ्याकडं असे बघत राहिले, की जणू मीच काहीतरी वाईट बोललोय.

“साठ माणसं एकदम मारू म्हणतोस व्हय, निपाणीकर?”

मोबाइल पुन्हा वाजला. त्यांनी कुणाला फोन लावलाय ते आधी विचारून घेतलं, ऐकलं, आणि खाकरून आवाज जरा जाड केला.

“व्हय, महादेव सुतारच बोलतोय. चाक मोडलंय का? दाते किती गेल्यात? बरं. जांबोटीला जाऊ नगा हं, लई पाऊस असतोय तिकडं. वडगावात या.”

आणि मग त्यांनी पलीकडच्या माणसाला घराचा पत्ता सांगितला, खाणाखुणांसकट, दोनदा.